इमारतीचा आराखडा आणि संगणकांमधील दुभाषी

कोणतीही मोठी इमारत एका माणसाच्या हातून उभी राहत नाही. जागेची मांडणी वास्तुशिल्पकार करतो. ती इमारत स्वतःचा भार, आतील माणसांचा व सामानाचा भार, वारा आणि भूकंप यांना पुरी पडेल की नाही, याचे गणित संरचना अभियंता मांडतो. काम लोखंडी असेल तर प्रत्येक तुळईची नेमकी लांबी, प्रत्येक बोल्टाचे भोक आणि प्रत्येक सांधा कारखान्यासाठी रेखाचित्रे करणारा निश्चित करतो. त्यानंतर कारखाना आणि शेवटी कंत्राटदार. हे सर्वजण बोलतात एकाच इमारतीविषयी; तथापि प्रत्येकाला तिच्यातील निराळीच गोष्ट जाणून घ्यायची असते. पूर्वी ही माहिती कागदी नकाशांच्या रूपाने हातोहात जात असे. आज ती एका संगणकप्रणालीतून दुसऱ्या संगणकप्रणालीत जाते. वाटेत ती शाबूत राहते काय, हा प्रश्न वरवर पाहता केवळ तंत्रज्ञांचा वाटतो. वास्तविक तो त्या छपराखाली वावरणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

माहितीच्या अशा देवघेवीत एखादी गोष्ट निसटली म्हणजे काय होते, याचे दारुण उदाहरण अमेरिकेतील मिसुरी राज्यात कॅन्सस सिटी येथे घडले. तेथील हयात रीजन्सी हॉटेलच्या भव्य दालनात दुसऱ्या व चौथ्या मजल्यांच्या पातळीवर दोन पादचारी पूल, एकाखाली एक, छतापासून पोलादी सळ्यांनी टांगलेले होते. मूळ संकल्पचित्रात छतापासून खालच्या पुलापर्यंत अखंड सळ्या होत्या व दोन्ही पूल त्यांवर आपापले टेकणार होते. परंतु एवढ्या लांब सळईवर आटे पाडणे गैरसोयीचे, म्हणून कारखान्याच्या रेखाचित्रांत प्रत्येक सळईच्या जागी दोन सळ्या आल्या: एकीने वरचा पूल छताला टांगला, दुसरीने खालचा पूल वरच्या पुलाच्या तुळईला टांगला. बदल क्षुल्लक दिसतो. पण एका दोरीला दोन माणसे वरखाली लोंबकळत असता प्रत्येकाच्या मुठीवर स्वतःपुरताच भार असतो; खालच्याने दोरी सोडून वरच्याचे पाय धरले, की वरच्याच्या मुठीवर दोघांचा भार येतो. येथेही तेच झाले. वरच्या पुलाच्या सांध्यावरील भार दुप्पट झाला. नवी रेखाचित्रे अभियंत्यांच्या कार्यालयातून शिक्का होऊन परत आली, मात्र त्या सांध्याचे गणित कोणी नव्याने केले नाही. १७ जुलै १९८१ च्या संध्याकाळी दालन माणसांनी भरलेले असताना दोन्ही पूल कोसळले. ११४ माणसे मृत्युमुखी पडली आणि दोनशेहून अधिक जखमी झाली. अमेरिकन सरकारच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेने तपास केला, तेव्हा मूळचा सांधाही नगरनियमांच्या मानाने अपुराच होता, असे आढळले. बदलामुळे तो पार दुबळा झाला.

या दुर्घटनेचा दोष संगणकावर नव्हता. देवघेव कागदाचीच होती. परंतु तिच्यातून जे दिसते ते संगणकाच्या युगातही तितकेच लागू आहे. ज्याने भाराचा मार्ग आखला त्याच्या मनातील अर्थ, ज्याने सळईची लांबी ठरवली त्याच्यापर्यंत पोहोचला नाही. रेषा पोहोचल्या, अर्थ मागे राहिला.

संगणकातील इमारतीचे ‘मॉडेल’ म्हणजे काय, हे येथे समजून घेतले पाहिजे. नकाशा आणि मॉडेल यांत मोठा भेद आहे. नकाशात दोन समांतर रेषा असतात. पाहणाऱ्याचा अनुभवी डोळा त्यांना भिंत म्हणतो. यंत्राच्या लेखी त्या केवळ दोन रेषाच. मॉडेलमध्ये यंत्राला सांगितलेले असते की ही भिंत आहे, ती अमुक जाडीची, अमुक द्रव्याची, या मजल्यावरची आणि त्या तुळईला आधार देणारी आहे. चार्ल्स ईस्टमन या अमेरिकन संशोधकाने १९७५ सालच्या सुमारास अशा ‘इमारत-वर्णन पद्धती’ची कल्पना मांडली. तिचाच पुढे झालेला विस्तार म्हणजे आज सर्वत्र ज्याचे नाव ऐकू येते ते ‘बिम’, अर्थात इमारतीची समग्र माहिती सांभाळणारे मॉडेल.

मग एका प्रणालीतील मॉडेल दुसरीत जसेच्या तसे का जात नाही? याचे पहिले कारण असे की, इमारतीचे मॉडेल एकच नसते. रेखाचित्रे करणाऱ्याचे मॉडेल वस्तूचे असते. त्यात तुळईला रुंदी व खोली असते आणि ती खांबाच्या कडेशी संपते. गणित करणाऱ्या अभियंत्याचे मॉडेल मात्र काड्यांचे असते. त्यात तुळई म्हणजे जाडी नसलेली एक रेषा, आणि ती खांबाच्या मध्यरेषेवरील बिंदूला जाऊन मिळते. पहिल्यात प्रत्येक पायरी आणि प्रत्येक पट्टी दाखवावी लागते. दुसऱ्यात भार वाहून न नेणारे सर्व काही गाळावे लागते. पहिल्यात सांधा म्हणजे पट्टी, बोल्ट व वेल्डिंग. दुसऱ्यात सांधा म्हणजे एक निर्णय: हे टोक वळू शकते की ताठ धरलेले आहे? वस्तूच्या चित्रावरून हा निर्णय यंत्राला आपोआप वाचता येत नाही. तो अभियंत्याच्या विचारात असतो आणि त्याने तो स्पष्ट लिहिला तरच पुढे जातो.

एक लहानसे उदाहरण घेऊ. वास्तुशिल्पकाराच्या मॉडेलमध्ये सहा मीटर लांबीची एक तुळई खांबापाशी पाच मिलिमीटर अलीकडे थांबली. डोळ्याला ही फट दिसणारही नाही. परंतु ते मॉडेल गणिताच्या प्रणालीत नेले की यंत्र म्हणते: खांबाचा बिंदू येथे, तुळईचा बिंदू तेथे, दोन्ही निराळे, म्हणून जोड नाही. दोन्ही टोकांना साधा आधार असलेल्या तुळईवर समान पसरलेल्या भाराने जे कमाल वाकवणारे बल येते, त्याच्या चौपट बल ती तुळई एका टोकाला ताठ धरून दुसऱ्या टोकाला मोकळी सोडली असता येते. म्हणजे पाच मिलिमीटरच्या फटीमुळे उत्तर चौपटीने चुकू शकते. यंत्राने तक्रार केली तर बरे. न केली तर एक तुळई विनाकारण जाड होते आणि ज्या खांबावर भार यायला हवा होता, त्याच्यावर तो हिशेबात येतच नाही. पहिली चूक पैशाची, दुसरी जिवाची.

दुसरे कारण नावांचे. जुन्या काळी ‘बिघा’ हे जमिनीचे माप हिंदुस्थानाच्या अनेक भागांत चाले; परंतु एका प्रांताचा बिघा दुसऱ्या प्रांताच्या बिघ्याएवढा नसे. नाव एक, माप अनेक. लोखंडी तुळयांच्या बाबतीत याहूनही नाजूक स्थिती आहे. भारतीय मानकातील ‘आयएसएमबी ३००’ आणि युरोपातील ‘आयपीई ३००’ या दोन्ही तुळया ३०० मिलिमीटर खोलीच्या. पण पहिलीची पट्टी १४० मिलिमीटर रुंद, तर दुसरीची १५० मिलिमीटर. एका प्रणालीने पाठवलेले नाव दुसरीच्या यादीत सापडले नाही, तर काही प्रणाली त्या जागी जवळचा वाटणारा छेद बसवतात, काही ती जागा रिकामी ठेवतात. दोन्हीही पाहणाऱ्याच्या लक्षात येईलच असे नाही.

तिसरे कारण एककांचे आणि दिशांचे. एक प्रणाली भार किलोन्यूटनमध्ये मोजते, अमेरिकेतील कार्यालय ‘किप’मध्ये, एक किप म्हणजे सुमारे ४.४५ किलोन्यूटन. हैदराबाद, पुणे, चेन्नई यांसारख्या शहरांतील कार्यालयांत परदेशी लोखंडी इमारतींची रेखाचित्रे नित्य तयार होत असल्याने हा फरक आपल्याकडेही पुस्तकी राहिलेला नाही. एककांच्या गफलतीची किंमत केवढी असू शकते, हे अंतराळाने दाखवून दिले आहे. मंगळाकडे धाडलेले अमेरिकेचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी नष्ट झाले. जमिनीवरील एका आज्ञावलीने रेट्याचे आकडे पौंडांत दिले आणि दुसऱ्या बाजूने ते न्यूटनमध्ये आहेत असे धरले. तेथेही फरक याच ४.४५ पटीचा होता. दिशांचेही तसेच. काही प्रणालींत उभी दिशा ‘झेड’ अक्षराने दाखवतात, काहींत ‘वाय’ अक्षराने. अदलाबदल नीट झाली नाही, तर खाली दाबणारा भार आडवा ढकलू लागतो. अख्खी इमारत आडवी पडलेली दिसली तर चूक तत्काळ कळते. एखाद्या खांबाचा छेद तेवढा ९० अंशांनी फिरला, तर ती कळण्यास बारकाईने पाहणारा डोळा लागतो.

चौथी अडचण भारांची. भारतीय मानकाप्रमाणे काँक्रीटच्या इमारतीचा स्वतःचा भार व वापराचा भार यांची बेरीज सुरक्षेसाठी दीडपट करून संकल्पन करतात. आता पहिल्या प्रणालीने दीडपट केलेलाच भार पाठवला आणि दुसरीने तो मूळ भार समजून पुन्हा दीडपट केला, तर तो सव्वादोन पट होतो. उलट, पाठवणाऱ्याने मूळ भार दिला आणि घेणाऱ्याने तो आधीच वाढवलेला आहे असे गृहीत धरले, तर सुरक्षेची सारी शिल्लकच नाहीशी होते. आकडा तोच, त्याच्यासोबत त्याचा अर्थ गेला नाही, एवढेच.

या अडचणींवर पहिला उपाय म्हणजे सर्व माहिती नव्या प्रणालीत हाताने पुन्हा भरणे. तो आजही अनेक ठिकाणी चालतो. त्यात वेळ जातो, आणि प्रत्येक नव्या नोंदीबरोबर चुकीला नवे दार उघडते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, प्रणालींचा परस्परांशी मेळ नसल्यामुळे तेथील मोठ्या इमारतींच्या व्यवसायाला २००२ या एका वर्षात सुमारे १५.८ अब्ज डॉलरचा भुर्दंड बसला, असा अंदाज दिला होता. विशेष हे की, त्यातील सुमारे दोनतृतीयांश भार इमारतींचे मालक आणि त्या चालवणारे यांच्या माथी पडला होता. यंत्रांमधील गैरसमजाचा खर्च सरतेशेवटी घरधन्याच्या खात्यावर लिहिला जातो.

दुसरा उपाय दुभाष्यांचा. प्रत्येक दोन प्रणालींसाठी एक भाषांतर करणारी आज्ञावली लिहावयाची. येथे साधे अंकगणित आड येते. दहा प्रणाली असतील आणि प्रत्येकीतून इतर नऊंकडे जावयाचे असेल, तर ९० दुभाषी लागतात. आणि कोणत्याही एका प्रणालीची नवी आवृत्ती निघाली की त्यांतील अठरा पुन्हा तपासावे लागतात. याऐवजी सर्वांनी मिळून एक मध्यस्थ भाषा ठरवली, तर प्रत्येकीला त्या भाषेत लिहिणारा एक व तीतून वाचणारा एक, असे एकूण २० दुभाषी पुरतात. निरनिराळ्या मातृभाषांच्या व्यापाऱ्यांनी बाजारापुरती एक भाषा स्वीकारावी, तसाच हा व्यवहार आहे.

अशी मध्यस्थ भाषा घडवण्याचे प्रयत्न बरेच जुने आहेत. १९८० साली अमेरिकेत ‘आयजेस’ ही पद्धत निघाली. तिच्याद्वारे रेषा व आकार यांची देवघेव होऊ लागली, वस्तूंच्या अर्थाची नव्हे. १९८४ पासून आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने ‘स्टेप’ या व्यापक मानकाचे काम हाती घेतले आणि त्याचे पहिले भाग १९९४ साली प्रसिद्ध झाले. लोखंडी इमारतींपुरता विशेष प्रयत्न युरोपात ‘सिमस्टील’ या योजनेने केला. इंग्लंडातील लीड्स विद्यापीठाचा व स्टील कन्स्ट्रक्शन इन्स्टिट्यूटचा त्यात मोठा वाटा होता. त्यातून निघालेल्या ‘सीआयएस-२’ या मानकाचा पुरस्कार पुढे अमेरिकन पोलाद-बांधकाम संस्थेनेही केला. या मानकाच्या कर्त्यांनी एक गोष्ट अचूक ओळखली होती: गणिताचे मॉडेल, संकल्पनाचे मॉडेल आणि कारखान्याचे मॉडेल ही तीन निराळी आहेत, आणि त्यांना एकमेकांत कोंबण्याऐवजी त्यांचे परस्परसंबंध नोंदवले पाहिजेत. कागदावर काडी असलेली तुळई कारखान्यात तीन तुकड्यांची होते. तर त्या तीन तुकड्यांनी आपण कोणत्या काडीचे, हे सांगितले पाहिजे.

आज सर्वाधिक प्रचारात असलेली मध्यस्थ भाषा म्हणजे ‘आयएफसी’. १९९४ मध्ये अमेरिकेतील बारा कंपन्यांच्या एका गटातून तिचा आरंभ झाला. १९९५ मध्ये त्या गटाची दारे सर्वांना खुली झाली, पुढील वर्षी त्याला आंतरराष्ट्रीय स्वरूप आले, आणि आज ‘बिल्डिंगस्मार्ट’ या नावाने ती संस्था हे काम पाहते. पहिली आवृत्ती १९९७ ची. २०१३ साली या भाषेला आंतरराष्ट्रीय मानकाचा पूर्ण दर्जा मिळाला, आणि २०२४ च्या आवृत्तीत रस्ते, रेल्वे व पूल यांचाही समावेश झाला. आयएफसीची फाइल सामान्यतः साध्या अक्षरांत लिहिलेली असते. प्रत्येक ओळीला क्रमांक, प्रत्येक ओळीत एक वस्तू किंवा एक संबंध: ही तुळई, हा तिचा छेद, हे तिचे स्थान, हा मजला, आणि ही तुळई त्या मजल्याची. शिवाय प्रत्येक वस्तूला २२ अक्षरांची, जगात दुसऱ्या कोणत्याही वस्तूला नसलेली अशी एक ओळख दिलेली असते. हिचे महत्त्व बदलाच्या वेळी कळते. अभियंत्याने तुळई जाड करून मॉडेल परत पाठवले, तर ही ओळख पाहून वास्तुशिल्पकाराची प्रणाली म्हणते, “तीच तुळई, फक्त छेद बदलला.” मध्येच कोणी जुनी तुळई पुसून तिच्याच जागी नवी काढली, की ओळख बदलते, आणि काय पालटले व काय राहिले, हे शोधण्याचे काम पुन्हा माणसाच्या गळ्यात पडते.

एवढे असूनही मध्यस्थ भाषेने सर्व प्रश्न सुटले, असे म्हणता येणार नाही. भाषेच्या कोशात शब्द असणे निराळे आणि बोलणाऱ्याने तो वापरणे निराळे. आयएफसीमध्ये आधार, भार व काड्यांचे मॉडेल यांसाठी शब्द आहेत; परंतु पुष्कळशा प्रणाली केवळ वस्तूंचे आकार लिहितात व वाचतात. त्यामुळे वास्तुशिल्पकाराचे, अभियंत्याचे आणि नळ-विजेच्या कामाचे मॉडेल एकमेकांवर ठेवून पाइप तुळईतून जात नाही ना, हे पाहण्यास ही भाषा उत्तम ठरली. गणिताची देवघेव मात्र तिच्यातून अजून तितकी मोकळेपणाने होत नाही. म्हणून अनेक कार्यालये ‘रेव्हिट’, ‘टेकला’, ‘इटॅब्स’, ‘स्टॅड’ यांसारख्या प्रणालींमधील थेट दुव्यांचा आधार घेतात. असा दुवा त्या दोन प्रणालींपुरता अधिक सखोल असतो. परंतु तो एका विशिष्ट आवृत्तीशी बांधलेला असतो, आणि तिसऱ्या प्रणालीला त्याचा काहीच उपयोग नसतो.

तेव्हा शहाणे कार्यालय दुभाष्यावर विसंबते, पण त्याचे बोलणे पडताळूनही पाहते. पडताळा पाहण्याच्या रीती साध्या आहेत. प्रथम मोजदाद: पाठवलेल्या तुळया व खांब जितके, तितकेच पोहोचले काय? मग वजन. समजा, ६ मीटर लांब व ४ मीटर रुंद असा १५० मिलिमीटर जाडीचा स्लॅब आहे. प्रबलित काँक्रीटचे वजन घनमीटरला २५ किलोन्यूटन धरले, तर या स्लॅबचे वजन ९० किलोन्यूटन होते. हे कागदाच्या कपट्यावर करता येते. असे सर्व भाग मिळून जो भार येतो, तोच पायांवरील प्रतिक्रियांची बेरीज केल्यावर आला पाहिजे. तो आला नाही, तर भार कोठेतरी गळाला आहे किंवा दोनदा मोजला गेला आहे. तिसरी रीत म्हणजे स्वतःच्या भाराखाली इमारत कशी वाकते, याचे अतिशयोक्त चित्र यंत्राकडून काढून घेणे. न जोडलेले टोक त्यात लोंबताना दिसते. चौथी, एखाद्या साध्या तुळईचे गणित हाताने करून यंत्राच्या उत्तराशी ताडणे. या चारही गोष्टींना अर्धा दिवसही लागत नाही. त्याखेरीज एका पानाची टीप मॉडेलसोबत असावी: एकके कोणती, उभी दिशा कोणती, भार मूळ की वाढवलेले, कोणते मानक वापरले, आणि कोणत्या भागाचा शेवटचा शब्द कोणाचा. कॅन्सस सिटीच्या प्रकरणात चौकशीअंती संकल्पनाची जबाबदारी ज्या अभियंत्यांवर होती, त्यांचे मिसुरीतील परवाने रद्द करण्यात आले. ‘सांध्याचे गणित दुसऱ्याने करावयाचे होते’ ही सबब मान्य झाली नाही.

या विषयाची आणखी एक बाजू सामान्य वाचकाच्या अगदी दाराशी येऊन ठेपते. इंदूर असो, बेळगाव असो वा मडगाव, घर बांधून वीस-पंचवीस वर्षे झाली की मुलाबाळांसाठी वर आणखी एक मजला चढवण्याचा विचार अनेक कुटुंबांत निघतो. पाया तो भार पेलेल काय, खांबात सळ्या किती व कोठे आहेत, हे त्या वेळी कोण सांगणार? जुन्या अभियंत्याने कापडावर काढलेला नकाशा ट्रंकेतून निघाला तर तो आजही वाचता येतो. पण संगणकातील फाइल जिने लिहिली ती प्रणालीच काळाच्या ओघात नाहीशी झाली, तर फाइल हातात असूनही तिचे तोंड उघडत नाही. इमारतीचे आयुष्य पन्नास वर्षांचे धरले, तर त्या अवधीत प्रणालीच्या कितीतरी आवृत्त्या येऊन जातात. खुल्या मानकातील, साध्या अक्षरांत लिहिलेली फाइल अशा वेळी अधिक भरवशाची. ती वाचण्याचे नियम प्रसिद्ध असल्याने उद्याचा अभियंताही तिचा अर्थ लावू शकतो.

म्हणून घर, शाळा, प्रार्थनास्थळ किंवा सहकारी संस्थेची इमारत बांधून घेणाऱ्यांनी काम पुरे झाल्यावर केवळ किल्ल्या घेऊन समाधान मानू नये. संरचनेची छापील रेखाचित्रे, गणिताचा गोषवारा, खुल्या मानकातील मॉडेलची प्रत, आणि बांधताना जागेवर झालेले बदल नोंदवलेला कागद, या चार गोष्टी मागून घ्याव्यात आणि घराच्या खरेदीखतासोबत जपून ठेवाव्यात. त्या मागण्यास अभियांत्रिकीचे ज्ञान लागत नाही, आणि करार करतानाच ती अट घातली तर सहसा जादा खर्चही पडत नाही. पुढे कधी भिंतीला तडा गेला, मजला चढवावयाचा झाला किंवा भूकंपानंतर इमारत तपासावी लागली, तर येणाऱ्या अभियंत्याला अंदाजाने खोदाई करण्यापूर्वी हे कागद पाहता येतील.